फोन यजमान, डबा पाहुणा, जेवण पाहुण्याच्या घरून

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या वाड्यावरच्या देवळातल्या सप्ताहात रात्री पावणेतीनला फोन बंद पडला. सप्ताह म्हणजे नावाला सप्ताह, आमच्याकडे तो चोवीस तासांचाच. दुपारी देवापुढे नारळ ठेवला की टाळ-पखवाज सुरू होतात ते दुसऱ्या दिवशी दुपारी काल्यालाच थांबतात, मधे एक मिनिट खंड पडता कामा नये, म्हणून दोन-दोन तासांच्या पाळ्या लावलेल्या असतात आणि रात्री दोन ते चारची पाळी कोणालाच नको असते म्हणून ती आम्हा पोरांच्या गळ्यात. पोरं म्हणजे आता सगळी चाळिशीला टेकलेली. वास्कोच्या दामोदर सप्ताहासारखं आमचं काही गाजलेलं नाही, फोंड्याच्या बाजूचं लहानसं देऊळ, पत्र्याचा मंडप, पण वाड्यावरची निम्मी माणसं दुबई, मस्कत, पुणे अशी पांगलेली, त्यांच्यासाठी आम्ही लाइव्ह करतो. तर भजन खंडलं नाही. लाइव्ह खंडलं. आणि पाच मिनिटांत तिकडून मेसेज सुरू, काय झालं, लाईट गेली काय, पाऊस आहे काय.

लाईट होती. पाऊसही होता पण त्याचा संबंध नव्हता. फोनची बॅटरी संपली होती आणि शेजारी चालू प्लग होता, माझ्या पिशवीत चार्जर होता, आणि तरी मी तो लावू शकत नव्हतो, कारण फोनला भोक एकच आणि त्यात माझा डबा अडकवलेला.

डब्याबद्दल आधी सांगतो. पत्र्यावर श्रावणातला पाऊस पडत असताना फोनच्या माइकवर भजन रेकॉर्ड करून बघा, भजन कमी आणि मासळी तळल्याचा आवाज जास्त. म्हणून मिक्सरमधून थेट आवाज घ्यायचा. साधं यूएसबी साउंड कार्ड चालतं, ते आम्ही पहिल्या वर्षी लावलं होतं, पण पखवाजवाला रंगात आला की आवाज फाटतो आणि मिक्सरवर बसलेला पोरगा तोपर्यंत चहाला गेलेला असतो. मग मी एक लहान लिनक्स बोर्ड घेतला, लाइन-इन (मिक्सरचा आवाज आत घ्यायचं भोक) असलेला, त्यावर लिमिटर, म्हणजे आवाज ठराविक पातळीच्या वर जाऊ न देणारा प्रोग्रॅम चालवला, शिवाय मेमरी कार्डावर एक कॉपी रेकॉर्ड होते, आणि बोर्डाचा टाइप-सी पोर्ट फोनला लावला की फोनला वाटतं यूएसबी माइक आलाय. लिनक्समध्ये याला गॅजेट मोड म्हणतात, कॉम्प्युटरनेच स्वतःला डिव्हाइस, म्हणजे दुसऱ्याला जोडायची वस्तू, म्हणून दाखवायचं. हे सगळं बायकोच्या एका जुन्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलंय, म्हणून डबा. (तिला अजून वाटतं तो डबा हरवलाय. हे ती वाचणार नाही अशी आशा.)

आता गंमत बघा. डब्याला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे, लाईट गेली तर म्हणून ७ एएचची (ॲम्पियर-तासांची) लेड-ॲसिड बॅटरी जोडलेली आहे. म्हणजे डबा पोट भरून बसलाय. आणि फोन, जो उपाशी मरतोय, तोच होस्ट, म्हणजे यूएसबीच्या जोडीतला यजमान, म्हणून डब्याकडे ५ व्होल्ट पुढे करून उभा. डबा ते घेतही नव्हता, गरजच नव्हती. पण फोन देतोय आणि घेऊ शकत नाही, कारण होस्ट आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सल्ले दिले. बाजारात हब मिळतात, एका बाजूला चार्जर लावायचा, एका बाजूला साउंड कार्ड, फोन चार्ज पण होतो. मिळतात, आणि चांगले चालतात, माझ्याकडे एक आहे. पण त्याचं पोट भिंतीतल्या प्लगवर. लाईट गेली की हबला येणारा चार्ज जातो, मग हब आणि फोन पुन्हा एकदा ठरवायला बसतात की आता करंट कोण देणार, आणि त्या भानगडीत साउंड कार्ड एकदा मरून परत जन्माला येतं, लाइव्हमधला आवाज जातो आणि ॲप बऱ्याचदा परत फोनच्या माइकवर जाऊन बसतं. श्रावणात आमच्याकडे लाईट एका रात्रीत किती वेळा जाते ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. माझ्या डब्यात मात्र बॅटरी आहे, लाईट गेलेली त्याला कळतसुद्धा नाही. मग डब्यानेच फोनला का पोसू नये? डबा डिव्हाइसच राहील, माइक म्हणूनच राहील, फक्त करंट उलटीकडून वाहील.

एवढंच करायचं होतं. चार महिने गेले. (रोज नाही, रविवार-रविवार.)

मूळ भानगड समजायला जुनं यूएसबी आठवा. चपटा ए पोर्ट कॉम्प्युटरला, तोच होस्ट, तोच पाच व्होल्ट देणार. दुसऱ्या टोकाला बी किंवा मायक्रो, तो डिव्हाइस, तो घेणार. यजमान जेवू घालतो आणि कार्यक्रमही यजमानच ठरवतो, पाहुण्याने यायचं, जेवायचं, सांगितलं ते करायचं. पिनचा आकारच तसा होता त्यामुळे उलटं करायची सोयच नव्हती. फोन होस्ट व्हायला लागले, ओटीजी (फोनलाच पेनड्राइव्ह वगैरे जोडायची सोय) आलं, तेव्हाच ही अडचण सुरू झाली. गूगलने २०११ मध्ये अँड्रॉइडसाठी ॲक्सेसरीचा जो प्रकार काढला त्यात त्यांनी सरळ बाजू फिरवली, ॲक्सेसरीलाच होस्ट केलं आणि तिनेच फोनला ५ व्होल्ट ५०० मिलिॲम्प द्यायचे असं ठरवलं, म्हणजे जोडी तुटलीच नाही, नुसती फिरली. मीही जुन्या मायक्रो-यूएसबी फोनवर वाय केबल, म्हणजे एका टोकातून दोन फाटे निघणारी, कापून-चिकटवून बघितली होती. त्या फोनचं पुढे काय झालं ते सांगत नाही.

टाइप-सी आलं २०१४ मध्ये आणि दोन्ही टोकं सारखी झाली. आता कोण यजमान हे आकारावरून कळेना, म्हणून सीसी नावाच्या दोन पिन आल्या. देणारा सीसीवर वरच्या बाजूला रेझिस्टर लावतो, घेणारा ५.१ किलोओमने खाली ग्राउंडला ओढतो, आणि मधे जो व्होल्टेज ठरतो त्यावरून दोघांना कळतं की कोणीतरी आलंय, कुठल्या बाजूने खुपसलंय आणि किती करंट मिळेल. देणाऱ्याकडे रेझिस्टरऐवजी करंट सोर्सही चालतो, ८० मायक्रोॲम्प म्हणजे नेहमीचा यूएसबी करंट, १८० म्हणजे दीड ॲम्पियर, ३३० म्हणजे तीन. घेणारा ते बघून तेवढाच ओढतो. साधं आणि सुंदर आहे, मला हा भाग फार आवडतो.

पण सवय सुटली नाही. जो करंट देतो तोच सुरुवातीला डेटाचा होस्ट, जो घेतो तो डिव्हाइस. नुसत्या रेझिस्टरच्या भाषेत दोन्ही गोष्टी एकत्रच बोलल्या जातात, वेगळं सांगायला शब्दच नाही. म्हणजे मी डब्यातून फोनला करंट द्यायला लागलो की फोन चार्ज होणार, आणि डबा होस्ट होऊन बसणार, फोनलाच पेनड्राइव्ह समजणार. माइक गेला.

वेगळं सांगायला शब्द आहेत ते पॉवर डिलिव्हरीत. पीडी म्हटलं की लोकांना ६५ वॉटचा चार्जर आठवतो, पण ते तिचं एक काम झालं. ती खरं म्हणजे त्याच सीसी तारेवरून चालणारी बोलणी आहेत, सेकंदाला तीन लाख बिटच्या बेताने, आणि त्यात व्होल्टेज मागण्याबरोबर दोन वेगळे निरोप आहेत. एक पीआर स्वॅप, म्हणजे करंटची बाजू बदलू या. दुसरा डीआर स्वॅप, म्हणजे डेटाची बाजू बदलू या. समोरच्याने हो म्हटलं तरच बदल, नाही म्हटलं तर जैसे थे. आणि हे दोन स्वतंत्र आहेत, एक केला तर दुसरा आपोआप होत नाही.

हे काही माझं संशोधन नाही हां. पणजीत पाटोवरच्या आमच्या ऑफिसात मॉनिटरला एक केबल लावली की लॅपटॉप चार्ज होतो आणि मॉनिटरच्या मागे लावलेला कीबोर्ड-माउसपण चालतो. म्हणजे मॉनिटर करंट देतोय आणि तरी डिव्हाइस आहे, होस्ट लॅपटॉपच. रोज सकाळी चहा घेऊन येतो, ती केबल लावतो, तीन वर्षं लावली, आणि एकदाही डोक्यात आलं नाही की मला हवंय ते नेमकं हेच. पाहुण्याने घरून शिधा आणून यजमानाला जेवू घालायचं, कार्यक्रम मात्र यजमान सांगेल तोच.

तर माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, डबा आधी घेणारा म्हणून जोडायचा, त्यामुळे तो डिव्हाइस, फोन होस्ट, मग पीआर स्वॅप करून करंटची बाजू फिरवायची. दोन, डबा आधीच देणारा म्हणून जोडायचा, त्यामुळे तो नको असलेला होस्ट होतो, मग डीआर स्वॅप करून डेटाची बाजू फिरवायची. शेवट दोन्हींचा एकच. पहिली वाट मला सरळ वाटली होती, कारण माइक चालूच होता, फक्त करंट फिरवायचा होता. पण पीआर स्वॅपमध्ये जुना देणारा आधी पुरवठा बंद करतो, व्होल्टेज शून्याच्या जवळ येतो, मग तो "झालं" म्हणतो, मग नवा देणारा चालू करतो. मधे क्षणभर तारेवर काहीच नाही. शिवाय फोन कधी स्वतःच्या मर्जीने परत बाजू फिरवायला मागेल याचा भरवसा नाही. दुसऱ्या वाटेत पाच व्होल्ट एकदा चालू झाले की हलत नाहीत. मी डबा फक्त देणारा असंच जाहीर केलं तर पीआर स्वॅपचा विषयच संपला, कोणी मागितला तरी उत्तर "नाही" असंच. डब्याला टाइप-सीवरून करंट घ्यायची गरजच नाहीये, त्याला १२ व्होल्टचं वेगळं भोक आहे. म्हणून दुसरी वाट.

बोर्डावर सीसी सांभाळायला एफयूएसबी३०२ नावाची चिप आहे, बऱ्याच छोट्या बोर्डांवर हीच असते, आणि पीडीची बोलणी लिनक्स कर्नलच, म्हणजे लिनक्सचा गाभाच, करतो. कसं वागायचं ते डिव्हाइस ट्रीमध्ये लिहायचं, म्हणजे बोर्डावर काय कशाला जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये. कनेक्टरच्या नोडमध्ये, म्हणजे त्या फाइलमधल्या त्याच्या कप्प्यात, पॉवर-रोल सोर्स (देणारा), डेटा-रोल ड्युअल (दोन्ही चालतील). हे ड्युअल महत्त्वाचं, माझ्या बोर्डाच्या मूळ फाइलमध्ये तिथे होस्ट होतं आणि होस्ट असताना कर्नल बाजू बदलायला साफ नकार देतो, तो स्वतःच नाही म्हणतो, फोनपर्यंत निरोप जातच नाही. मी दोन रविवार फोनला शिव्या दिल्या. फोनला विचारलंच नव्हतं कोणी.

मग आपण काय देऊ शकतो त्याची यादी. पीडीमध्ये प्रत्येक ऑफर ३२ बिटांच्या एका आकड्यात असते. खालचे दहा बिट करंट, १० मिलिॲम्पच्या मापात, म्हणजे दीड ॲम्पियर म्हणजे १५०. त्यावरचे दहा बिट व्होल्टेज, ५० मिलिव्होल्टच्या मापात, म्हणजे ५ व्होल्ट म्हणजे १००. वरच्या बाजूला एकेक बिटाचे झेंडे, २६ नंबरचा म्हणजे मला यूएसबी डेटा बोलता येतो, २५ नंबरचा म्हणजे मी डेटाची बाजू बदलू शकतो. माझा आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत) ०४०१९०९६ होता. सव्वीसावा झेंडा लावलेला, पंचविसावा नाही. म्हणजे मी फोनला सांगत होतो की मी होस्टच राहणार, आणि पुढच्याच क्षणी त्याला म्हणत होतो चल बाजू बदलू. फोन नकार देत होता ते बरोबरच होतं, मीही दिला असता. ०४ चा ०६ केला, ०६०१९०९६, आणि फोनने पहिल्यांदा हो म्हटलं. लॉगमध्ये ती ओळ बघितली तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले, घरात सगळे झोपलेले, सांगणार कोणाला. कुत्र्याला सांगितलं.

तीन ॲम्पियर का नाही असं कोणीतरी विचारेलच. माझ्या बोर्डावरचं स्विच दोन ॲम्पियरचं आहे. जेवढं घरात आहे तेवढंच ताटात वाढतो म्हणावं, उगाच तीनची बढाई मारली आणि फोनने खरंच ओढले तर स्विच बसेल, आणि बसेल तेव्हा रात्रीचे पावणेतीन वाजलेले असतील याची मला खात्री आहे.

बाजू बदलायची कशी, तर लिनक्सच्या सिस नावाच्या फोल्डरमध्ये क्लास, त्यात टाइपसी, त्यात पोर्ट शून्य, त्यात डेटा-रोल नावाची फाइल. ती वाचली की होस्ट आणि डिव्हाइस दोन्ही शब्द दिसतात, चालू असलेला कंसात. तिच्यात डिव्हाइस असं लिहिलं की कर्नल डीआर स्वॅपचा निरोप पाठवतो. शेजारीच पॉवर-रोल नावाची फाइल, पीआर स्वॅपसाठी. दोन वेगळ्या फाइली, बघून बरं वाटलं की कोणीतरी हे वेगळं आहे हे ओळखून लिहिलंय.

आणि आता खरा घोळ. फोनने हो म्हटलं, लॉगमध्ये सगळं हिरवं, आणि दीड सेकंदात सगळं तुटलं. परत जुळलं, परत हो, परत तुटलं. मधे लावलेल्या यूएसबी मीटरवर ५.१, शून्य, ५.१, शून्य, गणपतीच्या लायटिंगसारखं. म्हापशाहून आणलेली केबल बदलली, दुसरा फोन लावला, बोर्डाला पंख्याने वारा घातला. (हे का केलं ते मलाच माहीत नाही.) मग शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं, मल्टिमीटर घेऊन बोर्डावर कुठल्या क्षणी कुठे व्होल्टेज जातो ते बघितलं. फोन तोडत नव्हता. माझाच बोर्ड पाच व्होल्ट बंद करत होता.

का? तर डिव्हाइस ट्री लिहिणाऱ्याने पाच व्होल्टचं खरं स्विच यूएसबी कंट्रोलरच्या (डेटा सांभाळणाऱ्या भागाच्या) फिजिकल लेयरच्या, म्हणजे तारेवर प्रत्यक्ष सिग्नल चालवणाऱ्या भागाच्या नोडला जोडलेलं, आणि टाइप-सीवाल्या चिपला जोडलेलं होतं स्विचच्या आधीचं कायम चालू असलेलं पाच व्होल्ट. त्यामुळे चिपला वाटायचं मी चालू केलं, खरं म्हणजे चालू करायचा तो फिजिकल लेयर, आणि तो चालू करायचा होस्ट झालो की आणि बंद करायचा डिव्हाइस झालो की. का, तर डिव्हाइस कुठे करंट देतो, नाही का! डेटाची बाजू बदलली, कर्नलने कंट्रोलरला सांगितलं आता तू डिव्हाइस, त्याने इमानेइतबारे दिवा मालवला, फोनला वाटलं केबल निघाली. नेहमीच्या वापरात हे कधी दिसणारच नाही, कारण होस्ट आणि देणारा एकच असतो तोपर्यंत स्विच कोणाच्याही हातात असलं तरी फरक पडत नाही. पीडीवाल्यांनी दोन गोष्टी सोडवल्या, आणि खाली कोणीतरी त्या परत सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. तुम्ही असलं काही करत असाल तर पहिल्यांदा हेच बघा, व्हीबसचं, म्हणजे पाच व्होल्टच्या तारेचं, स्विच कोणाच्या ताब्यात आहे. ते टाइप-सी चिपच्याच ताब्यात पाहिजे, कंट्रोलरच्या नोडमधून काढून टाका. दोन ओळींचा बदल. पाच रविवार.

त्यानंतरचं पटापट झालं. कंट्रोलरच्या नोडला यूएसबी-रोल-स्विच ही ओळ लावली की नाही बघा, नाहीतर पीडी म्हणते तू डिव्हाइस आणि कंट्रोलरला कोणी सांगतच नाही. गॅजेटच्या कॉन्फिगरेशनमध्ये सेल्फ-पॉवर्डचा (माझं जेवण माझ्याकडे आहे असं सांगणारा) बिट लावा, म्हणजे हेक्समध्ये सी०, आणि लागणारा करंट शून्याजवळ ठेवा, कारण होस्ट ते वाचून ठरवतो की एवढं मला देता येईल का, आणि आपण तर त्याच्याकडून काहीच घेत नाही. नुसत्या आवाजाला वेग काही लागत नाही, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला दीड मेगाबिट, यूएसबी २ त्यासाठी रगड.

एक मात्र आहे, केबल काढून परत लावली की सगळं पहिल्यापासून. डबा परत देणारा म्हणून परत होस्ट. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट, समोर कोणी आलं की चालते. सुरुवातीला ती लगेच लिहायची आणि एरर यायची, कारण करंटचा करार व्हायच्या आधीच बाजू बदलायला मागितलं तर कर्नल म्हणतो नंतर ये. आता ती एक सेकंद थांबते, नाही झालं तर आणखी एक, असं पाचदा. त्याआधी ती समोरच्याला पीडी येते का ते बघते, पार्टनरच्या फोल्डरात त्याची एक फाइल असते, हो किंवा नाही. नाही असेल तर डब्यावरचा लाल दिवा लागतो. हो असेल आणि जमलं तर हिरवा. मंडपात लॅपटॉप उघडून बसायचं नाही हे बायकोने आधीच बजावलंय.

केबलबद्दल एक. सी-टू-सीच वापरा. ए-टू-सी केबलमध्ये सीच्या टोकाला देणाऱ्याचा रेझिस्टर, ५६ किलोओमचा, आधीच बसवलेला असतो, म्हणजे ती केबलच सांगत असते की समोर देणारा आहे. नीट बनवलेला पोर्ट ते बघून गप्प बसतो. पण मला एकाने, चांगल्या मनाने, सुचवलं होतं की एवढ्या भानगडी कशाला, पोर्टच्या व्हीबसला थेट पाच व्होल्टची तार सोल्डर कर. तसं करू नका. टाइप-सीमध्ये समोर घेणारा दिसल्याशिवाय व्हीबस थंडच ठेवायची असते. कोणी त्यात ए-टू-सी केबल घालून दुसरं टोक लॅपटॉपला लावलं तर दोन देणारे समोरासमोर, आणि आमच्या मंडपात कोण कुठली केबल कशात घालेल याचा नेम नाही. गेल्या वर्षी पेटीवाल्या बुवांच्या नातवाने हेडफोन मिक्सरच्या माइकच्या भोकात घातले होते.

यंदाचा सप्ताह परवा झाला. नारळ ठेवला तेव्हा फोनवर ६१ टक्के होते, मुद्दाम पूर्ण चार्ज केला नव्हता, बघायचंच होतं. हिरवा दिवा. मीटरवर ५ व्होल्ट, सव्वा ॲम्पियरच्या आसपास. संध्याकाळी सातला ७९. लाईट साडेनऊला गेली, पंखे थांबले, ट्यूबलाइट गेल्या, समईच्या उजेडात भजन तसंच चालू, आणि डब्यावर हिरवा दिवा तसाच. पखवाजवाला म्हणाला तुझा दिवा देवाच्या दिव्यासारखा अखंड आहे रे. चाळीस मिनिटांनी लाईट आली. बॅटरीचा हिशोब मी आधी करून ठेवला होता, १२ व्होल्ट ७ एएच म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास, डबा आणि फोन मिळून दहा वॉट धरले आणि वाया जाणारं सोडलं तरी सहा तास कुठे गेले नाहीत. रात्री पावणेतीनला मी मुद्दाम फोनसमोर जाऊन बसलो. ९६.

मस्कतहून काकांचा मेसेज आला. मी घाईघाईने उघडला, वाटलं आवाजाचं कौतुक असेल. लिहिलं होतं, आवाज चांगला येतो, पण कॅमेरा संध्याकाळपासून खांबाकडे का आहे?

खांबच होता. केबल ताणली जाऊ नये म्हणून फोन जरा फिरवून ठेवला होता मी.

भावोजींच्या फोनवर मात्र लाल दिवाच लागतो. त्यांच्या फोनला पीडी येतच नाही, तो डब्याकडून चार्ज घेतो आणि खुशाल बसतो, माइकचं नाव काढत नाही. ते म्हणाले, चालतंय की, मला चार्जिंगच पाहिजे होतं.